जुन्या अंकांचं वाचनालय: खंड उत्तम, पंखा बंद

आमच्या पेठेतल्या वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड बघायला मिळतात. दिवसाला वीस रुपये. मी इंडियन एक्स्प्रेसचा ऑगस्ट १९८१ मागितला. तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांचं सिमेंट प्रकरण ३१ तारखेला छापून आलं, तेव्हा आमचं घर जोत्यावर अडलं होतं. एकेका गोणीसाठी वडील परमिटच्या रांगेत. आणि इकडे अंतुल्यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या ट्रस्टला देणगी देणाऱ्या बिल्डरांना कोट्याबाहेर सिमेंट! जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाने तो संबंध मान्य केला आणि मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली.

मग जून १९७५ काढून घेतला. २८ तारखेच्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी. आणीबाणीची सेन्सॉरशिप. खरं सांगतो, छापलेल्या मजकुरापेक्षा त्या कोऱ्या चौकोनापाशीच मी जास्त रेंगाळलो.

तक्रारी दोन. पंखा बंद. आणि १९८२ च्या खंडातलं मला हवं तेच पान कुणीतरी ब्लेडने कापून नेलंय. काउंटरवरच्या बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "काका, झेरॉक्स हवी असेल तर पाचच्या आत सांगा."

चार तारे. टाचणवही घरून न्या, आणि रुमालही, धूळ फार.