बंड्याची साखर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात आमच्या गॅलरीतल्या, बोक्याच्या लघवी-शीच्या वाळूच्या ट्रेला (लिटर) मुंग्या लागल्या. पाणी पिण्याचं भांडं दिवसातून तीनदा रिकामं व्हायचं, आणि समोर ठेवलेलं सगळं खाऊनही आमचा बोका बंड्या वाळत चालला होता. आईला वीस वर्षं डायबेटिस आहे. ट्रेकडे बघून ती म्हणाली, "अरे, याला माझाच आजार झालाय." मी ते मनावर घेतलं नाही. आठवडाभराने बंड्या मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला, खिडकीत उडी मारताना खाली घसरला, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. साखर 412. कधीकाळी सात किलोचा असलेला बोका काट्यावर 4.9 किलो भरला.

आम्ही सिडकोत राहतो, मी अंबडच्या कंपनीत शिफ्टला जातो. तेव्हापासून आजपर्यंत काय काय विकत आणलं, त्यातलं काय टिकलं आणि काय माळ्यावर गेलं, ते लिहितोय. नाशिकमध्ये मांजर पाळणारे आता घरोघरी आहेत, पण मांजराला इन्सुलिन देणारं माझ्या ओळखीत कोणीच नव्हतं. मला तेव्हा हे वाचायला मिळालं असतं तर दोन रात्री तरी झोप लागली असती.

सगळ्यात आधी ग्लुकोमीटर, कारण माझ्या मते पहिला पैसा त्यावरच घालावा. दवाखान्यात नेलं की मांजर घाबरतं आणि घाबरलं की त्याची साखर चढते. बंड्याची दवाखान्यात 380 आलेली साखर त्याच दिवशी संध्याकाळी घरी 245 होती. दवाखान्यातल्या एका आकड्यावर डोस वाढवला असता तर काय झालं असतं, हा विचार नको वाटतो. म्हणूनच डॉक्टर अधूनमधून फ्रुक्टोसामिन ही वेगळी रक्ततपासणी करतात. तिच्यात मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी कळते, त्या क्षणाची भीती त्यात येत नाही.

आम्ही माणसांचंच साधं मीटर वापरतो. मांजराच्या रक्तातली साखर तांबड्या पेशींत फार कमी आणि भोवतीच्या द्रवात जास्त असते, त्यामुळे माणसांचं मीटर खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतं. हे डॉक्टरांना माहीत असलं आणि मीटर एकच ठेवलं की काम चालतं. दोन मीटरचे आकडे एकमेकांशी ताडत बसू नका.

रक्त कानाच्या कडेवरून घ्यायचं. तिथे कडेने एक बारीक शीर जाते, कानामागे मोबाईलचा टॉर्च धरला की दिसते. पहिल्या आठवड्यात पाच-पाच टोचण्या वाया जायच्या. डिसेंबरात तर थेंबच येईना. नाशिकची थंडी ठाऊकच आहे, पहाटे सहाला त्याचे कान बर्फासारखे. शेवटी बायकोने जुन्या मोज्यात मूठभर तांदूळ भरून गाठ मारली. तो मोजा मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद ठेवायचा, आपल्या मनगटाला लावून बघायचा आणि मग अर्धा मिनिट कानावर धरायचा. कडेला व्हॅसलिनचं अगदी पुसट बोट फिरवायचं, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, गोल उभा राहतो. कानामागे कापसाचा बोळा धरा, नाहीतर सुई आरपार आपल्या बोटात जाते. टोचून झालं की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. आता मीटरचा डबा उघडल्याचा आवाज आला की बंड्या स्वतःच येऊन पाटावर बसतो.

आता सिरिंज. यात आमच्याकडून जीवघेणी चूक झाली, म्हणून सविस्तर सांगतो.

बंड्याला ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन चालू आहे, दर बारा तासांनी, सुरुवातीला एक युनिट. हे इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असतं. आईचं इन्सुलिन 40 युनिटवालं. त्या दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात: 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. दुसऱ्या आठवड्यात सिरिंज संपल्या म्हणून मी जवळच्या मेडिकलमधून आणल्या. दुकानदाराने न विचारता लाल टोपणाच्या दिल्या, घरात रोज त्याच दिसत असल्यामुळे मलाही काही वावगं वाटलं नाही. लाल सिरिंजवर 'एक'च्या रेघेपर्यंत 100 चं इन्सुलिन भरलं की ते अडीच युनिट होतं. सकाळी सहाला दिलं आणि मी कामावर गेलो.

साडेअकराला बायकोचा फोन. बंड्या पलंगाखाली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, उठायला गेला की एका बाजूला कलंडतोय. मीटरवर 47. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं म्हणून तिने बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला. अशा वेळी तोंडात पातळ काही ओतायचं नसतं, ठसका लागून फुप्फुसात जातं. दहा मिनिटांनी मान वर आली, मग त्याने थोडं खाल्लं, आणि ती रिक्षा करून त्याला दवाखान्यात घेऊन गेली. दिवसभर तिथे दर तासाला साखर मोजली. मी शिफ्ट सोडून पोचलो तेव्हा तो टोपलीत बसून माझ्याकडे बघत होता. तो दिवस मी विसरू शकत नाही.

त्यानंतर मी गोळे कॉलनीत, औषधांच्या बाजारात जाऊन 100 च्या, 30 युनिटच्या आणि अर्ध्या युनिटच्या खुणा असलेल्या सिरिंज शोधल्या. अर्ध्या खुणेच्या सहज मिळत नाहीत, सांगून मागवाव्या लागल्या, पण मांजरासाठी त्याच हव्यात. एक आणि दीड युनिटमधला फरक माणसाला किरकोळ, पाच किलोच्या जिवाला फार मोठा. इन्सुलिनच्या बहुतेक पेनमध्ये एकेका युनिटचीच पायरी असते, म्हणून पेन आमच्या कामाचं नव्हतं. डॉक्टरांनी कार्ट्रिजमधून, म्हणजे पेनमध्ये बसणाऱ्या इन्सुलिनच्या नळीतून, सिरिंजने काढायला शिकवलं. 3 मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये 300 युनिट असतात, आणि उघडल्यावर 28 दिवस अशी छापील मुदत. बंड्याला तेवढ्यात 60 युनिटसुद्धा लागत नाहीत, बाकीचं टाकून द्यावं लागतं. जीव हळहळतो, पण जुन्या इन्सुलिनवर मी धोका पत्करत नाही.

आईचा डबा फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बंड्याचा खालच्या, आणि दाराच्या कप्प्यात काहीच नाही. सतत उघडझाप झाल्याने तिथे तापमान खालीवर होतं. बर्फाच्या कप्प्याला टेकूनही ठेवायचं नाही, एकदा गोठलेलं इन्सुलिन गेलं म्हणून समजा. बाटली हलवायची नाही.

टोचणं त्या मानाने सोपं. मानेमागे टोचतात असं मी ऐकलं होतं, आमच्या डॉक्टरांनी कुशीच्या बाजूला, रोज जागा बदलून द्यायला सांगितलं. चिमटीत कातडी उचलायची, तंबू होतो, त्यात सुई. कधीकधी सुई दुसऱ्या बाजूने बाहेर येते आणि केस ओले लागतात. तेव्हा किती आत गेलं हे कळत नाही, आणि म्हणून पुन्हा टोचायचं नाही. एक डोस चुकला तर साखर चढेल, दोनदा गेला तर जीव जाईल. आईचा घरातला नियम आहे, "आधी घास, मग सुई." बंड्याने तोंड फिरवलं तर इन्सुलिन न देता डॉक्टरांना फोन. उलट्या, सुस्ती आणि खाणं बंद हे तिन्ही एकत्र दिसलं तर फोनवरही थांबू नये, थेट दवाखाना गाठावा. रक्तात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होणारे पदार्थ) वाढल्याची ती खूण असू शकते.

खाण्याचं सांगतो. बंड्या नऊ वर्षं कोरडं खाणं आणि दूध-पोळीवर वाढला. पोळी आणि दूध त्याच दिवशी बंद झालं. कोरड्या खाण्याच्या पाकिटावर कर्बोदकं सहसा लिहिलेली नसतात, पण काढता येतात. आमच्या पाकिटावर प्रथिनं 32, स्निग्धांश 12, तंतू 4, पाणी 10, राख 8. बेरीज 66, म्हणजे उरलेले 34 टक्के पीठच. ओल्या पॅटेच्या (मऊ लगद्यासारखं खाणं) पाऊचवर तशीच बेरीज केली तर दीड टक्का उरला. त्यात 80 टक्के पाणी आहे, ते वगळून मोजलं तरी साडेसात टक्के, आणि कोरड्यात तसंच मोजलं तर 38. पॅटेच घ्या, ग्रेव्हीवालं नको, ग्रेव्ही घट्ट करायला बहुधा स्टार्च घातलेला असतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. इन्सुलिन चालू असताना खाणं मनाने बदलू नका. पीठ कमी झालं की साखर झपकन उतरते आणि कालचा डोस आज जास्त होतो. आम्ही दहा दिवसांत थोडं थोडं बदललं, त्या दिवसांत साखर रोज चारदा मोजली आणि डोस डॉक्टरांनी दोनदा कमी केला. नुसतं उकडलेलं चिकन हेही पूर्ण अन्न नाही, त्यात कॅल्शियम फारच कमी असतं आणि उकळताना टॉरिन (मांजराला खाण्यातून मिळावंच लागणारं द्रव्य) पाण्यात जातं. आम्ही ते फक्त बक्षीस म्हणून देतो.

खाणं तोलायला, एकेक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू. त्याच्या जोडीला सामान तोलायचा हुकचा काटा, टोपलीत बोका घालून दर रविवारी. लिटरमधले लघवीचे गोळेही रोज मोजून वहीत लिहितो. ऑक्टोबरात दिवसाला नऊ-दहा असायचे, आता तीन. मीटर न लावताही साखरेचा कल त्यावरून कळतो.

टायमरवालं फीडर मात्र पैसे वाया. ते कोरड्या खाण्यासाठीच बनवलेलं, ओलं खाणं उन्हाळ्यात तासाभरात सुकतं, आणि वीज गेली की टायमर पुन्हा शून्यावर. त्वचेवर चिकटवायचा सेन्सर दवाखान्यात एकदा लावून बघितला. रात्रीची साखर कशी फिरते ते समजलं, पण चौदा दिवसांचा सेन्सर बंड्याने सहाव्या दिवशी सोफ्याला घासून काढला. एकदा लावण्यासारखा आहे, दर महिन्याला आम्हाला परवडणारा नाही. सगळं धरून महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास जातात, त्यातले निम्म्याहून जास्त खाण्यावर.

वेळ सकाळी सहा, संध्याकाळी सहा. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळचं बायको बघते. लग्नाकार्याला दोघं एकत्र जाणं बंद झालंय, हे खरं. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने शिकून घेतलंय, पण रात्रीचा मुक्काम करायला अजून मन धजत नाही.

आज बंड्या 5.7 किलो आहे. टाचा उचलून चालतो, परवा आईच्या खाटेवरून थेट खिडकीत गेला. डोस अर्ध्या युनिटवर आलाय, सकाळी साखर 130 ते 160 मध्ये असते. काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं, आणि त्यातल्या काहींना ते पुन्हा लागतं, असं डॉक्टरांनी दोन्ही सांगितलंय. पुढच्या सोमवारी फ्रुक्टोसामिन आहे, त्यानंतर सुई थांबवून बघायची का ते ठरेल. नारिंगी टोपणाच्या सिरिंजचं नवं पाकीट मात्र मी कालच आणून ठेवलंय.