उत्तर त्याच दिवशी: ट्रूनॅट क्षयरोग चाचणीचे परीक्षण

रुग्णाच्या जवळ जाऊन करायच्या तपासण्यांबद्दल सध्या पुष्कळ बोलले जाते. विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करताना मला अशा प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारावासा वाटतो: रुग्ण गावाकडची बस पकडण्याआधी त्याला उत्तर मिळते का? गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीचे ट्रूनॅट मी क्षयरोगाच्या निदानासाठी नेहमी वापरते. या प्रश्नाला आजवर सर्वांत चांगले उत्तर याच यंत्राने दिले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वी निदान सूक्ष्मदर्शकावरच होत असे. त्याखाली क्षयरोगाचे जंतू दिसायचे तर एक मिलिलिटर बेडक्यात ते साधारण पाच ते दहा हजार असावे लागतात. त्यामुळे आजार सुरुवातीच्या टप्प्यात असलेले कितीतरी लोक ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जात आणि घरातल्यांना संसर्ग देत राहत. शिवाय दुसरा नमुना सकाळचा हवा असल्याने पुन्हा यावे लागे. तेंदूपत्त्याच्या हंगामात “उद्या परत या” असे सांगितलेला मजूर उद्या येत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी बुडवणे त्याला परवडत नाही. जंतूचा डीएनए शोधणारी जीनएक्स्पर्ट, म्हणजे आमच्या बोलण्यातली सीबीनॅट, आल्यावर निदान पुष्कळ सुधारले. मात्र तिला अखंड वीज आणि थंड खोली लागते, आणि आमच्यासारख्या ठिकाणी नेमक्या याच दोन गोष्टींची शाश्वती नसते.

ट्रूनॅटची रचना ही अडचण ओळखून केलेली आहे. ट्रूप्रेप नावाचे यंत्र बेडक्यातून डीएनए वेगळा काढते आणि ट्रूलॅब नावाचे यंत्र छोट्या चिपवर पीसीआर करते, म्हणजे त्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून जंतू ओळखते. दोन्ही यंत्रे साध्या टेबलावर मावतात आणि बॅटरीवर चालतात, त्यामुळे दुपारी वीज गेली तरी सुरू असलेली तपासणी वाया जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये क्षयरोगाची पहिली चाचणी म्हणून तिची शिफारस केली. त्याच वर्षी कोविडच्या तपासणीसाठीही ही यंत्रे देशभर वापरली गेली.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात होते ती नमुन्यापासून, आणि तिथे यंत्रापेक्षा माणसाचेच कसब लागते. “मावशी, नुसती थुंकी नको, दीर्घ श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा,” हे समजावण्यात घालवलेली पाच मिनिटे पुढच्या तासाभराच्या कामाइतकीच मोलाची असतात, कारण डबीत नुसती लाळ आली तर उत्तम यंत्रही काही करू शकत नाही. घट्ट बेडका द्रावण घालून पातळ केला जातो आणि ट्रूप्रेपच्या कार्ट्रिजमध्ये भरला जातो. सुमारे वीस मिनिटांनी मिळालेल्या अर्कातले फक्त सहा मायक्रोलिटर पिपेटने, म्हणजे थेंब मोजून उचलणाऱ्या नळीने, उचलून आधी नळीतल्या कोरड्या रसायनात आणि मग चिपच्या इवल्याशा खळग्यात सोडायचे असतात. त्या थेंबात बुडबुडा जाता कामा नये. साऱ्या प्रक्रियेत मनावर सर्वांत अधिक ताण देणारा क्षण हाच आहे. नमुना भरून झाकण लावले की बाकीचे स्वतःच करणाऱ्या सीबीनॅटच्या तुलनेत ट्रूनॅट इथे मागे पडते, आणि नव्या कर्मचाऱ्याला बसवण्यापूर्वी त्याचा हात पिपेटवर नीट बसलेला असणे आवश्यक ठरते.

सुमारे तासाभरात निकाल मिळतो. तो पॉझिटिव्ह आला, तर उरलेल्या अर्कावरच दुसरी चिप लावून रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही त्याच दिवशी कळते. त्यासाठी रुग्णाला पुन्हा खोकायला लावावे लागत नाही, ही सोय मला फार मोलाची वाटते. मात्र ही चिप आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी नमुना नागपूर किंवा पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो, आणि मग वाट पाहणे आलेच.

इतर मर्यादाही वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवाव्यात. निकाल निगेटिव्ह आला म्हणजे क्षयरोग नाही असे सिद्ध होत नाही. लक्षणे आणि एक्स-रे संशयास्पद असतील तर डॉक्टरांनी तपास पुढे न्यायलाच हवा. मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडला जात असल्याने उपचार लागू पडतो आहे का, हे पाहण्यासाठी ही चाचणी उपयोगाची नाही, तिथे सूक्ष्मदर्शक अजून हवाच. चिपचा साठा २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचा असतो. शीतसाखळी लागत नाही हे खरे, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात ३० अंशांची खोली मिळवणे हेच एक काम होऊन बसते.

यापुढच्या यंत्राकडून माझी पहिली अपेक्षा वेगाची नाही, बेडक्याची गरज संपवण्याची आहे. लहान मुले आणि एचआयव्हीसह जगणारे रुग्ण यांना अनेकदा बेडका काढताच येत नाही. जिभेवरून घेतलेल्या स्वॅबवर निदान करण्याचे संशोधन अनेक देशांत सुरू आहे, आणि ते पक्के झाले तर तपासणी आशाताईंच्या पिशवीतून थेट पाड्यावर पोहोचू शकेल. पिपेटची पायरी वगळली गेली तर आणखी उत्तम.

आज खरेदीचा निर्णय घेणाऱ्यांना मात्र एक व्यावहारिक गोष्ट सांगते. ट्रूलॅब एक, दोन आणि चार चिपांच्या प्रकारांत मिळते, आणि चार चिपांचे क्वाट्रो पाहून मोह होतो. पण ट्रूप्रेप एका वेळी एकच नमुना घेते, त्यामुळे खोळंबा तिथेच होतो. एका ट्रूप्रेपसोबत क्वाट्रो घेतले तर त्याची पूर्ण क्षमता वापरली जात नाही. क्वाट्रो घ्यायचेच तर सोबत दोन ट्रूप्रेप घ्यावेत, एकच ट्रूप्रेप असेल तर दोन चिपांचे ड्युओ पुरे, आणि नमुने साठवून एकदम न लावता आले तसे लावावेत.