न मागवलेलं पार्सल आलं तर काय करायचं: दारातूनच परत, घेऊन ठेवून द्यायचं, की सरळ वापरायचं?

दिवाळीच्या आधीचा आठवडा, मी ऑफिसात, आई घरी एकटी, आणि कुरियरवाला दारात. "काकू, ७४९ रुपये, सीओडी आहे." पार्सलवर नाव माझं, पत्ता बरोबर, मोबाईल नंबरसुद्धा बरोबर, म्हणजे पोरीनेच दिवाळीचं काहीतरी मागवलंय असं आईला वाटलं, तिने डाळीच्या डब्यामागच्या पाकिटातून पैसे काढून दिले आणि पार्सल शोकेसवर ठेवून दिलं. संध्याकाळी मी विचारलं हे काय, तर ती म्हणे तूच सांग काय ते. उघडलं तर आत पातळ प्लास्टिकच्या पिशवीत नळाला लावायचा फिरता शॉवर, जो आमच्या डोंबिवलीत स्टेशनबाहेर शंभराला दोन मिळतो.

साधारण त्याच दिवसांत माझ्या मामेबहिणीकडे, ती इंग्लंडात रेडिंगला असते, एक चेहऱ्याचं मसाज मशीन आलं. दारात कुणी पैसे मागितले नाहीत, पण तीन आठवड्यांनी ईमेलवर बिल. तिने विचारलं काय करू, मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की परत पाठव बाई, उगाच लफडं नको. तर तिची शेजारीण म्हणाली कशाला परत पाठवतेस, वापर, इथे कायद्याने ते तुझंच झालं. आणि शेजारीण बरोबर होती, मी चूक.

त्यानंतर मी जरा खोलात जाऊन वाचलं, कारण व्हॉट्सअॅपवर "न मागवलेली वस्तू आली तर ती तुमचीच, कंपनी काही करू शकत नाही" असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. तो मेसेज खोटा नाहीये, पण तो तिकडचा आहे. डोंबिवलीत तो जसाच्या तसा चालत नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. पार्सल बी विंगच्या २०३ चं आणि आलं ए विंगच्या २०३ मध्ये, किंवा तुम्ही एक मिक्सर मागवलात आणि गोदामातल्या गोंधळाने दोन आले, तर हा "न मागवलेला माल" नाही, ही चूक आहे. शेजाऱ्याचं शेजाऱ्याला द्या, दुसऱ्या मिक्सरचं कंपनीला कळवा. कुठल्याच देशात चुकून आलेलं गपचूप दाबून ठेवायला परवानगी आहे असं समजू नका.

आता खरा प्रश्न. पार्सल तुमच्याच नावाचं आहे, तुम्ही मागवलेलं नाही, आणि तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, दारातूनच परत. सीओडी असेल तर माझ्या मते दुसरा विचारच करू नका. जुन्या लोकांना व्हीपी आठवत असेल, म्हणजे टपालाने आलेली वस्तू पोस्टमनला पैसे देऊन सोडवायची पद्धत, पोस्टमन पुस्तकाची व्हीपी घेऊन यायचा आणि आजोबा मागवलेलीच आहे ना हे बघून मग ती सोडवायचे, नसेल मागवली तर सोडवायची नाही, विषय संपला, ती पाठवणाऱ्याकडे परत. सीओडी म्हणजे तीच व्हीपी, फक्त पोस्टमनच्या जागी बाईकवरचा घाईतला मुलगा. कुरियरवाले याला आरटीओ म्हणतात, म्हणजे माल जिथून आला तिथे परत, लायसन्सवाल्या आरटीओशी काही संबंध नाही. नाही म्हटलं तर त्या मुलाचं नुकसान होईल असं आईला वाटत होतं, तसं काही नसतं, परतीच्या फेरीचा खर्च पाठवणाऱ्याच्या माथी पडतो.

एक मात्र सांभाळा. "पार्सल कॅन्सल करायचंय ना, मग मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा" असं दारात किंवा फोनवर कुणी म्हणालं तर सांगू नका. जे मागवलंच नाही ते कॅन्सल करायला तुमचा ओटीपी कशाला लागेल. तसंच पार्सलमध्ये "बक्षिसासाठी स्कॅन करा" असा क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करू नका.

दुसरा रस्ता, घेऊन बाजूला ठेवणं. पैसे मागितलेच नाहीत, वॉचमनने गेटवर सही करून घेऊन ठेवलं, तुम्ही ऑफिसातून आलात तर ते घरात, असं होतं. इथे भारतातला कायदा जरा वाकडातिकडा आहे म्हणून थोडं थांबून बघू.

आपल्या ग्राहक संरक्षण कायद्यात, २०१९ च्या, न मागवलेल्या मालासाठी इंग्लंडसारखं सरळ कलम नाही की ही वस्तू आता तुमची. मग बघायचं १८७२ च्या करार कायद्याकडे. करार व्हायला होकार लागतो आणि गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. वकिलीच्या पोरांना हे शिकवताना अजून १८६२ चा इंग्लंडमधला काका-पुतण्याचा खटला सांगतात, काकाने पुतण्याला लिहिलं की तुझं उत्तर आलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन, पुतण्याने उत्तर दिलं नाही, आणि कोर्ट म्हणालं की सौदा झालाच नाही. मौन म्हणजे संमती हे लग्नाच्या बोलणीत चालत असेल, खरेदीत नाही. तेव्हा "७ दिवसांत परत केलं नाही तर खरेदी मान्य आहे असं समजू" अशी चिठ्ठी पार्सलमध्ये निघाली तर ती रद्दीत टाकू नका, फोटो काढून ठेवा, पण घाबरू अजिबात नका.

पण, आणि हा पण मोठा आहे, त्याच कायद्यात कलम ७० आहे. कुणी फुकट देण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे तुम्हाला वस्तू दिली आणि तुम्ही तिचा फायदा घेतलात, तर भरपाई द्या किंवा वस्तू परत करा, असा त्याचा साधारण अर्थ. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यात, जो १९६२ च्या निकालपत्रांत छापला आहे, न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, आपल्या साताऱ्याचे ते, हे छान उलगडून सांगितलंय: दिलेली वस्तू नाकारायची किंवा परत करायची मोकळीक समोरच्याला असते, आणि त्याने तसं केलं तर कलम ७० लागूच होत नाही. ते लागू होतं आपण स्वतःहून ती घेऊन उपभोगली तर. खटला पार्सलचा नव्हता हां, सरकारी खात्यासाठी बांधकाम करून दिलेल्या कंत्राटदाराच्या पैशांचा होता, पण मुद्दा आपल्या शोकेसवरच्या खोक्याला चपखल बसतो.

म्हणून भारतात घरात आलेलं खोकं फोडायचं नाही, पार्सलच्या लेबलचा फोटो काढायचा, आणि लेबलवर ईमेल किंवा नंबर असेल तर एक ओळ लिहायची: मी हे मागवलेलं नाही, पैसे देणार नाही, तुमच्या खर्चाने घेऊन जा. पदरचे पैसे घालून परत पाठवायला जाऊ नका, तसं करायला तुम्हाला कुणी बांधलेलं नाही.

तिसरा रस्ता, वापरणं. इथे तुमचं घर कुठल्या देशात आहे त्यावर सगळं आहे. इंग्लंडात १९७१ च्या कायद्याने आधी सहा महिने थांबावं लागायचं, किंवा तुम्ही पाठवणाऱ्याला लेखी कळवलंत तर तीस दिवस, मगच वस्तू तुमची. २००० सालापासून ती वाट बघायची अटच गेली, व्यापाऱ्याने ग्राहकाला न मागता पाठवलं की ती बिनशर्त भेट. रेडिंगची बहीण मशीन वापरतेय आणि बिलाच्या ईमेलला तिने एका ओळीचं उत्तर दिलंय. युरोपियन युनियनमध्येही २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार पैसे देणं लागत नाही आणि उत्तर न देणं म्हणजे होकार धरत नाहीत. अमेरिकेत टपालाने आलेली न मागवलेली वस्तू ठेवा, वापरा, फेकून द्या, देणं काही नाही. ऑस्ट्रेलियात मात्र थांबावं लागतं, तीन महिने, किंवा कंपनीला लेखी कळवलंत तर एक महिना, तेवढ्यात ती घेऊन गेली नाही तर तुमची. मेलबर्नला कुणी नातेवाईक असेल तर त्यांना इंग्लंडचा फॉरवर्ड पाठवू नका.

तिकडेही सगळंच वापरावं असं नाही. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत घरोघरी न मागवलेल्या बियांची पाकिटं आली, बरीचशी चीनचा शिक्का असलेली, तर तिथल्या शेती खात्याने सांगितलं की पेरू नका, आमच्याकडे द्या. असल्या फुकट पार्सलांमागे बऱ्याचदा ब्रशिंग नावाचा धंदा असतो, विकणारा स्वतःच तुमच्या नावाने ऑर्डर टाकतो, स्वस्तातली वस्तू पाठवतो आणि मग तुमच्याच नावाने पाच तारे देतो. वस्तू फुकट मिळते, पण तुमचं नाव-पत्ता कुणाच्या तरी यादीत आहे हे त्यातून कळतं, तेव्हा शॉपिंग अॅपचा पासवर्ड बदलून टाका.

भारतात एका बाबतीत मात्र नियम इंग्लंडपेक्षाही कडक वाटला, तो म्हणजे न मागवलेलं क्रेडिट कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे न मागता कार्ड पाठवायला बंदी आहे, आणि तशा कार्डावर बँकेने चार्जेस लावले तर ते मागे घ्यायचे आणि वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. तेव्हा असं कार्ड आलं तर कात्रीने कापून कचऱ्यात टाकून गप्प बसू नका, लेखी तक्रार करा.

आता आमच्यासारखं झालं असेल, पैसे देऊन बसलात, तर काय. वस्तू वापरू नका, पिशवी, लेबल, पावती सगळं ठेवा, आणि १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा, मराठीत बोलता येतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सरळ म्हटलंय की ग्राहकाने स्वतः स्पष्ट कृती केल्याशिवाय खरेदीचा होकार नोंदवायचा नाही, आधीच टिक केलेले चौकोनसुद्धा चालत नाहीत, तक्रारीत हा मुद्दा लिहा. ऑर्डर खरी होती पण बास्केटमध्ये एक वस्तू आपोआप घुसली असेल तर त्याला २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे अॅप-वेबसाईटवरच्या फसव्या युक्त्यांच्या, नियमावलीत बास्केट स्नीकिंग म्हणतात, त्याचीही तक्रार होते. तेवढ्याने नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र ओटीपी देऊन खात्यातून पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, तोही लगेच.

माझे ७४९ यायला पाच आठवडे आणि चार फोन लागले, त्यातले दोन तर नुसते तक्रार क्रमांक सांगण्यात गेले.

तर आमच्या घरात ठरलंय असं की सीओडी आलं की आई आधी मला फोन लावते, कुरियरवाल्याला दोन मिनिटं थांबायला लावते, आणि मी मीटिंगमध्ये असून फोन उचलला नाही तर पार्सल परत. आई म्हणाली, आणि खरंच तू मागवलेलं असलं तर? तर मी पुन्हा मागवीन, चार दिवस उशीर होईल, एवढंच.