घरासाठी ओरिजनल पेंटिंग घेताना सोफ्याचा रंग नका बघू, कूलर कुठं आहे ते बघा

नागपुरात मनीषनगरला शिफ्ट होऊन दीड वर्ष झालं, भिंती मात्र बिल्डरनं दिल्या तशाच पांढऱ्याफटक होत्या. मागच्या हिवाळ्यात ठरवलं की प्रिंट-बिंट नाही, हातानं काढलेली ओरिजनल चित्रंच घ्यायची. हॉल, बेडरूम, पोराची खोली आणि जमलं तर किचन, फ्रेमसकट बजेट २५ हजार. सासूबाईंनी ऐकलं तर म्हणे, "काहून वं, एवढ्यात तर आलमारी आली असती." तरी घेतली, एकदा घेण्यात फसले, एकदा फ्रेमिंगमध्ये, म्हणून हे लिहून राहिले.

आधी ऑनलाइनचं सांगते, साइटचं नाव घेत नाही. 'हँडपेंटेड' लिहिलेलं होतं, फोटोत ब्रशचे जाडजाड फटकारे, घरी आलं ते कॅनव्हासवरचं प्रिंट आणि वरून नुसता पारदर्शक जेल फासलेला. कळलं कसं, तर लाइट बंद करून मोबाईलचा टॉर्च बाजूनं तिरपा मारला तेव्हा जेलचे उंचवटे आडवे दिसले आणि खालच्या चित्रातले फटकारे उभे! मग कॅमेरा झूम केला तर पेपरातल्या फोटोत असतात तसे बारीक ठिपके. त्यांनी परत घेतलं पण कुरिअरचे ४०० माझेच गेले. ही टॉर्चची युक्ती लक्षात ठेवा, दुकानात पण लाजू नका.

त्यानंतर सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा लागला. आपण तिथं खायला आणि लोकनृत्य बघायला जातो, मीही इतकी वर्षं तेच केलं, यंदा चित्रांसाठी दोनदा गेले आणि माझ्या मते घरासाठी पहिलं ओरिजनल घ्यायला याच्यासारखी जागा नाही, कारण काढणारा माणूस समोर बसलेला असतो. गोंड चित्रांच्या स्टॉलवर पाटनगढचा कलाकार होता. पाटनगढ म्हणजे मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातलं, गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांचं गाव, ते १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात गेले आणि घराच्या भिंतीवरची ही कला कागदावर, कॅनव्हासवर आली. अन आपलं नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहनं, १७०२ साली, पण आपल्या हॉलमध्ये काय तर धावणारे सात घोडे. (सासूबाईंना तेच पाहिजे होते, वास्तूसाठी.)

मी घेतलं ते दोन बाय तीन फुटांचं, अ‍ॅक्रिलिक ऑन कॅनव्हास. हरणाची शिंगं वर जाता जाता मोहाचं झाड होतात आणि अख्ख्या अंगात माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. प्रत्येक कलाकाराची ही भरायची नक्षी वेगळी असते, ती त्याची सहीच समजा. पण मी विकत घेतलं ते मागच्या पायामुळे. तिथं ब्रशमधला रंग संपत आलेला दिसतो, सात-आठ टिंबं फिकी होत गेलीत आणि मग एकदम परत गडद, म्हणजे तिथं त्यानं ब्रश बुडवला! रोज चहा पिताना माझी नजर तिथंच जाते. १४ हजार सांगितले, साडेबारात दिलं, यापेक्षा जास्त घासाघीस मला करवली नाही, एवढी टिंबं समोर दिसत असताना कोणत्या तोंडानं करणार. मागच्या बाजूला नाव, गाव, वर्ष आणि कोणते रंग वापरले ते त्याच्याच हातानं लिहून घेतलं. आणि एक, दुपारी जा, संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली निळा रंग हिरवट दिसतो.

हॉलमध्ये ते सोफ्याच्या वर लावणार होते. आधी पेपर जोडून त्याच मापाचा तुकडा टेपनं चिकटवला तर सहा फुटी सोफ्यावर ते पोस्टाचं तिकीट वाटायला लागलं, सोफ्याच्या दोन तृतीयांश तरी रुंदी पाहिजे. शेवटी डायनिंगच्या बाजूच्या भिंतीवर लावलं, चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंच म्हणजे पावणेपाच फूट. तिथं बाल्कनीतून येणारं पश्चिमेचं ऊनही पोचत नाही. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन पडदे विटवतं, मग चित्राचं काय घेऊन बसलात.

आता बेडरूमचा राग. चित्रकला शिकणाऱ्या एका पोरीकडून नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याचं वॉटरकलर घेतलं ३ हजारात, फार गोड होतं, दिंडी दरवाजाच्या कडेला एक सायकल टेकवलेली. घराजवळच्या फ्रेमवाल्याकडे दिलं, त्यानं ७०० घेतले आणि चित्राला मागून अख्खं फेविकॉल लावून हार्डबोर्डवर चिकटवून टाकलं, वरून काच थेट कागदाला टेकलेली. मला तेव्हा काय कळत होतं, मी खुश. वर शहाणपणा म्हणजे ते मी लावलं खिडकीतल्या कूलरच्या बरोब्बर समोर! कूलर म्हणजे ओली हवा, रात्रभर, दोन महिने. जूनपर्यंत कागदाला पापडासारख्या लाटा आल्या आणि पावसाळ्यात आकाशाच्या जागी तपकिरी ठिपके, बुरशीचे. दुसरा फ्रेमवाला चांगला भेटला, म्हणाला, "ताई, हे आता बोर्डावरून निघणार नाही, निघालं तर फाटून निघंल." मग त्यानं आहे तसंच ठेवून चारी बाजूंनी दोन इंचाचा अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट दिली, त्यामुळे काच टेकत नाही, त्याचे १४०० लागले. आता ते पॅसेजमध्ये आहे, डाग तसेच. कागदावरचं कोणतंही चित्र असेल तर फ्रेमवाल्याला आधी विचारा की चिकटवणार कसं. वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी टेपनं टांगतो म्हणाला तर द्या, फेविकॉलची बाटली काढली तर उठून या.

कॅनव्हासचं त्यामानानं बरं असतं, अ‍ॅक्रिलिकला काच लागत नाही, नुसती बॉक्स फ्रेम, ती २२०० ला पडली.

पोराच्या खोलीचं त्याच मेळ्यातून पोरानंच ठरवलं, गेरू रंगाच्या कापडावरची वारली, तारपा नाचाचा गोल आणि कोपऱ्यातून आगगाडी चाललेली. मूळचा पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, याच्यावरचा अ‍ॅक्रिलिक आहे, विक्रेत्यानं विचारल्याबरोबर खरं सांगितलं म्हणून आवडलं. १८०० चं चित्र, ९०० ची फ्रेम. पोरगं रोज नाचणारी माणसं मोजतं आणि रोज आकडा वेगळा येतो.

कुरिअरचे ४०० धरून सगळं मिळून २२,९०० झाले. उरलेल्या २१०० मध्ये किचनसाठी काहीतरी छोटं घ्यायचं होतं, पण आमच्याकडे फोडणी दिवसातून तीनदा, त्यात रविवारी सावजी रस्सा, टाइल्सवर हात फिरवला तर तर्री लागते हाताला. तिथं ओरिजनल नाहीच लावलं. सासूबाईंनी मी काही बोलायच्या आत त्या खिळ्याला कालनिर्णय अडकवून टाकलं, खाली दुधाचा हिशोब.