पोटाच्या कॅन्सरच्या मार्कर टेस्ट, लॅबचा अनुभव (5 पैकी 3 स्टार)

बाबांच्या पहिल्या बायोप्सी रिपोर्टवर अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींतून होणारा कॅन्सर) एवढंच होतं, आम्हाला वाटलं आता लगेच केमो, पण ऑन्कॉलॉजिस्टनी थांबवलं, म्हणाले नाव एकच असलं तरी हा आजार आतून वेगवेगळा असतो, आधी मार्कर, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या गाठीतल्या खुणा, बघू. म्हणून ब्लॉक (मेणात बसवलेले बायोप्सीचे तुकडे) या लॅबमध्ये दिला.

चांगलं आधी सांगते. हर-टू (पेशींची वाढ करवणारं प्रथिन), एमएमआर, पीडी-एल1, क्लॉडिन 18.2, ईबीव्ही (एक व्हायरस) अशा सगळ्या मार्करच्या टेस्ट त्यांनी एकदमच लावल्या, कारण ब्लॉक दरवेळी नव्याने कापायला घेतला की थोडा टिश्यू वाया जातोच. काउंटरवरच्या ताईंनी ब्लॉक उजेडात धरून दाखवला, मेणात टाचणीच्या डोक्याएवढे तीन ठिपके, बाबांची औषधं त्यावर ठरणार होती, पोटात गोळाच आला.

आता तक्रार. हर-टू 2+ (0 ते 3+ या मोजपट्टीवर) आला आणि पुढे फक्त 'इक्विव्होकल'. म्हणजे धड हो नाही, धड नाही पण नाही, अशा वेळी फिश टेस्ट (हर-टूच्या जीनच्या प्रती मोजणारी) करायचीच असते, पण ती लॅबने आपणहून लावली नाही की कुणी फोनही केला नाही, नऊ दिवसांनी मी विचारलं तेव्हा हलले!! पेशंटसाठी नऊ दिवस थोडे नसतात हो. दोन स्टार त्याचेच कापले.

फिश निगेटिव्ह आली. पण मग पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्वतः फोन केला आणि अर्धा तास बोलल्या, तीन स्टार त्यांचे. 2014 मध्ये टीसीजीए या अमेरिकेतल्या कॅन्सर-जीनोम प्रकल्पाच्या टीमने पोटाच्या कॅन्सरच्या 295 गाठी तपासून चार गट पाडले होते, ईबीव्हीवाले, एमएसआयवाले (डीएनएतल्या चुका दुरुस्त न होणारे, एमएमआर टेस्ट हेच बघते), जीनोम स्थिर असलेले आणि क्रोमोसोमची उलथापालथ झालेले, हे त्यांनीच सांगितलं. एमएसआय-हाय निघाला तर इम्युनोथेरपीचा चांगला उपयोग होऊ शकतो, बाबांचा नव्हता. सगळ्यात कामाचं म्हणजे पोटात हर-टू ठिपक्याठिपक्यांनी असतो, एका तुकड्यात दिसतो, शेजारच्यात नाही, त्यामुळे तीन तुकड्यांवरून नाही म्हणणं धोक्याचं, निदान सहा ते आठ तरी हवेत.

परत स्कोपी (पोटाची दुर्बिणीने तपासणी) केली, आठ तुकडे घेतले. नव्या ब्लॉकवर हर-टू 3+, म्हणजे पॉझिटिव्ह आला, आता केमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध चालू आहे. तुमच्याकडे कुणाची स्कोपी व्हायची असेल तर किती तुकडे घेणार हे आत जायच्या आधीच विचारा, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.