नव्याने रंगवलेल्या जुन्या गाडीतील दोष: घासून काढावेत, एक भाग रंगवावा की सगळा रंग उतरवावा?

पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर हौसेने जपणाऱ्या पुण्यातील अनेकांना हा प्रश्न नेमका रंगकाम पूर्ण झाल्यावर पडतो. गाडी गॅरेजमधून बाहेर येते, सकाळच्या तिरप्या उन्हात उभी राहते आणि बॉनेटवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, दारावर एखादा ओघळ किंवा मडगार्डवर बारीक छिद्रे दिसू लागतात. यावर मार्ग तीन आहेत. दोष किती डोळ्यांत भरतो यापेक्षा तो किती खोल आहे हे पाहून त्यांतला एक निवडावा, असे माझे ठाम मत आहे.

खोली ओळखण्यासाठी गाडी ट्यूबलाइटखाली घ्यावी आणि पत्र्यावर पडलेल्या प्रतिबिंबाची कड पाहावी. कड बारीक थरथरलेली दिसली, तर दोष बहुधा वरच्या थरातच असतो. प्रतिबिंबच वाकले किंवा मध्ये फुगले, तर पुट्टी नीट घासलेली नाही किंवा पत्राच सरळ झालेला नाही असे समजावे. त्यानंतर पांढऱ्या कापडावर थोडे कंपाउंड (रंग घासून चमकवण्याची पेस्ट) घेऊन एखाद्या आडबाजूच्या जागी हलकेच घासावे. कापडाला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही आणि आपण थेट रंगच घासत आहोत. कापडावर रंग उमटला नाही, तर वर क्लिअर आहे. एवढी एक खूण पुढचा बराच गोंधळ वाचवते.

खडबडीतपणा, रंगात अडकलेले धुळीचे कण आणि लहान ओघळ यांना घासून पॉलिश करणे हाच उत्तम उपाय आहे. हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) घातलेला रंग पुरेसा वाळल्यावर १५००, २००० आणि ३००० नंबरच्या वॉटर पेपरने, मऊ ठोकळा धरून आणि भरपूर पाणी वापरून तो घासतात व नंतर बफिंग करतात. खर्च सर्वांत कमी येतो आणि खालचे काम शाबूत राहते. मात्र क्लिअरच्या दोन हातांची जाडी साधारण ४० ते ६० मायक्रॉनच असते आणि उन्हापासून रंगाचे रक्षण तोच थर करतो. त्यामुळे आरशासारखी सपाटी मिळवण्याच्या नादात तो अर्ध्यावर आणणे शहाणपणाचे नाही. धारांवर रंग मुळातच पातळ बसतो. म्हणून बॉनेटच्या कडा आणि पद्मिनीच्या मागच्या मडगार्डांवरची उंच धार यांवर आधी मास्किंग टेप लावून घ्यावी. क्लिअर नसलेल्या एकरंगी कोटात थोडी सूट मिळते. मेटॅलिकमध्ये मात्र क्लिअर फाटला की तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर नाही.

बारीक छिद्रांना हा उपाय लावू नये. जाड हात घाईने एकावर एक मारल्यामुळे थिनर आत अडकून ती पडतात. घासल्यावर त्यांची तोंडे आणखी उघडतात आणि पॉलिशची पांढरी पूड त्यांत बसते. सिलिकॉनच्या अंशामुळे पडलेले गोल खळगेही बहुधा तळापर्यंत गेलेले असतात. अशा वेळी तो भाग निरोगी थरापर्यंत घासून पुन्हा रंगवावा. येथे खरी अडचण छटा जुळवण्याची असते. एकरंगी पांढरा किंवा काळा बराच जुळतो. मेटॅलिकची छटा स्प्रे गनचा दाब आणि थिनरचे प्रमाण यांनीसुद्धा बदलते, म्हणून तो शेजारच्या भागावर थोडा पसरवून मिसळावा लागतो. क्लिअर मात्र पूर्ण दारावर किंवा पूर्ण मडगार्डवरच मारून घ्यावा, कारण मध्येच संपवलेली त्याची कड कालांतराने उघडी पडते. पुण्यात हे काम पावसाळ्यात, विशेषतः बंदिस्त बूथ नसलेल्या गॅरेजात, देऊ नये. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) या जुन्या पद्धतीच्या रंगावर तर पांढुरका पडदा सहज येतो.

रंग उतरवून पत्र्यापासून सुरुवात करणे सर्वांत महाग आणि वेळखाऊ आहे. फुगे येणे, भेगा पडणे, पापुद्रे सुटणे, किंवा जुन्या एनसी थरावर पीयू (हार्डनर घालून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारल्याने खालचा थर सुरकुतणे, या दोषांना मात्र दुसरा इलाज नाही. फुग्यांखाली बहुधा ओलावा किंवा गंज असतो आणि त्यावर कितीही कोट मारले तरी तो पुन्हा वर येतो. लोहचुंबक जिथे धरत नाही, तिथे पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. या कामात काचा, रबरे आणि क्रोमच्या पट्ट्या उतरवाव्या लागतात. त्यांतले एखादे रबर फाटले तर नाना पेठेत शोधाशोध करूनही हवे तसे मिळेलच असे नाही. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) मारला जाणार आहे ना, हे आधीच विचारून घ्यावे. रंगच बदलणार असाल, तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनीही आजच्या शोरूममधल्या गाडीइतकी सपाट नसे. त्यामुळे दोन हात अंतरावरून न दिसणारा खडबडीतपणा तसाच राहू द्यावा, असे मी सुचवीन. दोष एका दारापुरता असेल तर तेवढे दार रंगवून घ्यावे. पण दोन-तीन भागांवर फुगे असतील, तर एकेक भाग रंगवत बसू नये. सगळ्या गाडीचे काम पावसाळा संपल्यावर काढावे आणि तोवर फुटलेल्या फुग्यांखालचा गंज घासून तिथे प्रायमर लावून ठेवावा.