फ्रीपीबीएक्स १७: व्हॉइसमध्ये उतरण्याआधी घरच्या लॅबमध्ये लावून पाहा

सीसीएनए, म्हणजे सिस्कोचं नेटवर्किंगचं पायाभूत प्रमाणपत्र, झालं, स्विच-राउटरवर तीन-चार वर्षं गेली, आता पुढे काय? या प्रश्नावर सिक्युरिटी आणि क्लाउडच्या मागोमाग व्हॉइसचं, म्हणजे आयपी नेटवर्कवरच्या फोन यंत्रणेचं, नाव येतंच. मग शोध सुरू होतो परीक्षेच्या फीचा. सिस्कोच्या सीसीएनपी कोलॅबोरेशन या व्हॉइस प्रमाणपत्राचा कोर पेपर ४०० डॉलरचा, त्यावर एक विशेष पेपर ३०० डॉलरचा, कर वेगळा, आणि तीन वर्षांनी नूतनीकरण. सीसीएनए कोलॅबोरेशन फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झालं, त्यामुळे या वाटेची खालची पायरीच उरलेली नाही. एवढे पैसे भरण्याआधी हे काम आपल्याला जमतं का आणि मुख्य म्हणजे आवडतं का, हे कळायला हवं. त्यासाठी आज हाताशी असलेलं सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे फ्रीपीबीएक्स १७, ऑफिसचं फोन एक्सचेंज (पीबीएक्स) चालवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे. त्यात खोट आहे, पण शिकायला त्या खोटीचाही उपयोग होतो.

आत इंजिन ॲस्टरिस्कचं. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं हे ओपन सोर्स पीबीएक्स, आणि फ्रीपीबीएक्स हा त्याचा वेबवरचा चेहरा. दोन्ही आता सँगोमा कंपनीकडे आहेत. आधीची आवृत्ती सेंटओएस ७ वर बेतलेल्या तयार आयएसओमधून बसायची. सेंटओएस ७ चा आधार जून २०२४ मध्ये संपला, म्हणून १७ थेट डेबियन १२ वर स्क्रिप्टने बसवायचं असतं. नेटवर्कवाल्याला हे सोयीचंच आहे, कारण खाली साधं लिनक्स मिळतं.

लॅबसाठी दोन कोअर, ४ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्कचं व्हर्च्युअल मशीन पुरतं. डेबियन १२ चीच ६४ बिट आवृत्ती घ्या, स्क्रिप्ट तिच्यासाठीच लिहिलेली आहे. इन्स्टॉलर विचारतो तेव्हा डेस्कटॉपची खूण काढा, एसएसएच सर्व्हरची ठेवा. स्क्रिप्ट चालवण्याआधी आयपी स्थिर करा. मशीनचं नेटवर्क ब्रिज्ड ठेवा, म्हणजे त्याला घरच्या लॅनवर स्वतःचा पत्ता मिळतो. व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरचं नॅट (पत्त्यांची अदलाबदल) तसंच राहिलं तर पहिल्याच दिवशी आवाज येणार नाही आणि दोष नक्की कुणाचा, ते समजणार नाही. पहिल्या लॉगिननंतर फायरवॉलचा विझार्ड येतो. त्यात आपलं लॅन विश्वासू झोनमध्ये टाकायचं राहिलं तर आपणच बाहेर अडकतो. तसं झालं तर कन्सोलवर बसून ‘एफडब्ल्यूकन्सोल फायरवॉल स्टॉप’ द्यायचं, दुरुस्ती करायची आणि ती पुन्हा चालू करायची.

सुरुवातीला हमखास होणारी चूक म्हणजे बदल केला पण वरचं लाल ‘अप्लाय कॉन्फिग’ दाबलंच नाही. तोवर ॲस्टरिस्कला काहीच कळलेलं नसतं. दुसरी चूक सर्व्हरवरच्या फायली हाताने सुधारण्याची. फ्रीपीबीएक्स त्या दर अप्लायला नव्याने लिहितं आणि आपली मेहनत पुसली जाते. नावात ‘कस्टम’ असलेल्या फायली तेवढ्या आपल्या. मदतीसाठी शोधाल तिथे चॅन-सिप या जुन्या चॅनलच्या सूचना ढिगाने मिळतील (सिप म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याचा प्रोटोकॉल). तो चॅनल ॲस्टरिस्क २१ पासून काढून टाकला आहे. आता सगळं त्याच्या जागी आलेलं पीजेसिप. जुनी सूचना ओळखायला शिकणं हासुद्धा अभ्यासाचाच भाग समजा.

दोन एक्स्टेंशन (अंतर्गत फोन नंबर) बनवा, एक विंडोजवर मायक्रोसिप या सॉफ्टवेअर फोनमध्ये, दुसरं मोबाईलवर लिनफोनमध्ये. कॉल लागला म्हणजे काम झालं असं मानू नका, खरा अभ्यास तिथून सुरू होतो. सर्व्हरवर टीसीपीडंपने पॅकेट पकडा, वायरशार्कमध्ये उघडा, टेलिफोनी मेनूतून व्हीओआयपी कॉल्सवर जा आणि फ्लो सिक्वेन्स काढा. सिपचे संदेश क्रमाने दिसतील: इन्व्हाइट, ट्राइंग, रिंगिंग, २०० ओके, ॲक, शेवटी बाय. पहिल्या इन्व्हाइटला ४०१ असं उत्तर दिसेल. पासवर्ड चुकला असं वाटून नवखे इथे तासभर घालवतात. ते फक्त ओळख मागणं आहे. फोन दुसरा इन्व्हाइट ओळखीसह पाठवतो आणि कॉल पुढे जातो. सगळं कॅप्चर करूनही आरटीपी, म्हणजे आवाजाची पॅकेट, दिसत नसतील तर त्या एक्स्टेंशनचं ‘डायरेक्ट मीडिया’ तपासा. ते चालू असलं की आवाज दोन फोनांमध्ये थेट जातो, सर्व्हरला शिवतही नाही.

या साधनाची खरी किंमत कळते ती मुद्दाम मोडतोड करताना. राउटिंगमध्ये लिंक तुटली की तुटली, व्हॉइसमध्ये मात्र अर्धवट चालतं, आणि अर्धवट चालण्याचं कारण शोधणं हाच या कामाचा पगार आहे. सिप सेटिंगमधला बाहेरचा पत्ता पुसून टाका आणि एक फोन नॅटच्या पलीकडे ठेवा. घंटी वाजेल, कॉल उचलला जाईल, पण आवाज एकाच बाजूला. एसडीपीमधली, म्हणजे आवाज कुठे पाठवायचा हे सांगणाऱ्या सिपमधल्या मजकुरातली, ‘सी’ने सुरू होणारी ओळ पाहा: सर्व्हरने आपला १९२.१६८ चा खासगी पत्ता सांगितलाय आणि पलीकडचा फोन त्या पत्त्यावर आवाज पाठवतोय. आयपी हेडर बरोबर असूनही आतला मजकूर चुकीचा असू शकतो, हे राउटिंगमधून आलेल्या माणसाला पचायला वेळ लागतो. ते एकदा पचलं की पुढची निम्मी वाट सोपी.

दुसरा प्रयोग. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो, दरवेळी. याचा बँडविड्थशी संबंध नाही. २०० ओके गेलं, पण त्याचा ॲक परत पोचला नाही. सिपमध्ये मूळ टायमर अर्ध्या सेकंदाचा, त्याच्या ६४ पट वाट पाहून उत्तर देणारी बाजू कॉल सोडते. ॲक का हरवला? कॉन्टॅक्ट हेडरमधला पत्ता गाठता येत नाही म्हणून, किंवा राउटरमधल्या सिप एएलजीने (सिपमधले पत्ते परस्पर बदलणाऱ्या सोयीने) तो बिघडवला म्हणून. एएलजी बंद करा. पंधरा किंवा तीस मिनिटांना तुटणारा कॉल मात्र वेगळा. तिथे सेशन टायमरकडे, म्हणजे कॉल अजून चालू आहे का हे ठरावीक वेळाने तपासणाऱ्या सेटिंगकडे, बघायचं. आणि सकाळी येणारे कॉल दुपारी येईनासे झाले, जाणारे मात्र व्यवस्थित, तर बहुतेक नॅटची यूडीपी नोंद मिटली आहे. अनेक राउटरांमध्ये ती ३० सेकंदांतच मिटते, म्हणून क्वालिफायचा, म्हणजे फोन हजर आहे का हे सर्व्हरने विचारण्याचा, काळ त्याहून कमी ठेवा.

हिशेबही इथेच पक्का करा. जी ७११ या कोडेकचा (आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीचा) आवाज ६४ केबीपीएस, पण दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट्सचं पॅकेट आणि वर हेडर धरले की इथरनेटवर ८७.२ केबीपीएस होतात. एका पीआरआय फोन लाइनएवढे ३० कॉल म्हणजे प्रत्येक दिशेला सुमारे २.६ एमबीपीएस. आवाज जास्त दाबणाऱ्या जी ७२९ ला कॉलमागे ३१.२ केबीपीएस पुरतात, पण आवाजातूनच जाणारे डीटीएमएफ (बटणांचे) टोन त्यात चिरडले जातात आणि बँकेच्या आयव्हीआरमध्ये दाबलेला आकडा पोचत नाही. टोन आरएफसी ४७३३ च्या पद्धतीने पाठवा. क्यूओएस (पॅकेटांना प्राधान्य देणं) तर तुम्हाला येतंच: आवाजाला ईएफ ही प्राधान्याची खूण, म्हणजे डीएससीपी ४६, एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत.

बाहेरची लाइन लॅबला लागत नाही. दोन मशीन उभी करा, एक ‘पुणे’, एक ‘नागपूर’, आणि त्यांच्यात ट्रंक (दोन एक्सचेंज जोडणारी लाइन) बांधा. डायल प्लॅनची, म्हणजे कुठला नंबर कुठे जाणार या नियमांची, सगळी डोकेदुखी एवढ्यात मिळते. घरच्या फायबरवर बहुधा सीजीनॅट (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता) असतं, त्यामुळे बाहेरून फोन रजिस्टर करायचा तर व्हीपीएन लावा. सिमचं गेटवे जोडून परदेशी कॉल स्थानिक नंबरवर उतरवण्याचा ‘प्रयोग’ मात्र चुकूनही करू नका. तो भारतात गुन्हा आहे आणि अशा बेकायदा एक्सचेंजवर धाडी पडतात. नोकरीत भेटणारा भारतीय ऑपरेटरचा सिप ट्रंक पुष्कळदा स्वतंत्र लिंकवर खासगी आयपीने येतो, पासवर्डऐवजी आयपीवरच ओळख ठरते. म्हणून सर्व्हरला दोन इंटरफेस आणि ऑपरेटरच्या पत्त्यांसाठी स्टॅटिक रूट हा सराव लॅबमध्येच करून ठेवा.

सुरक्षेबाबत हे साधन माफ करणारं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एंडपॉइंट मॉड्यूलमधल्या छिद्रातून इंटरनेटवर उघडे असलेले फ्रीपीबीएक्स सर्व्हर प्रत्यक्ष फोडले गेले. १५, १६, १७ तिन्ही आवृत्त्या त्यात होत्या. ॲडमिनचं पान कधीही उघडं ठेवू नका, मॉड्यूल अद्ययावत ठेवा, आणि सिपचं ५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडं करू नका. उघडलंच तर अनोळखी रजिस्टरच्या प्रयत्नांनी लॉग भरायला फार वेळ लागत नाही.

फ्रीपीबीएक्स काय शिकवत नाही, हे करिअरच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. मोठ्या कंपन्यांत सिस्कोचा कॉल मॅनेजर भेटतो, आणि कुणी कुठे कॉल करायचा, कुठला कोडेक वापरायचा हे ठरवणारे त्यातले पार्टिशन, कॉलिंग सर्च स्पेस, रीजन इथे नाहीत. भारतापुरती एक गोष्ट मुद्दाम शिकण्यासारखी आहे: लॉजिकल पार्टिशनिंग. मुंबईतल्या माणसाने कंपनीच्या आयपी नेटवर्कवरून दिल्लीच्या गेटवेपर्यंत जायचं आणि तिथून सार्वजनिक फोनवर उतरायचं, हे इथल्या टेलिकॉम नियमांना चालत नव्हतं. ते रोखता यावं म्हणून सिस्कोने हे वैशिष्ट्य कॉल मॅनेजर ७.१ मध्ये आणलं. कॉल सेंटरांसाठीचे ओएसपी (इतर सेवा पुरवठादार) नियम नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये बरेच सैल झाले, पण अनेक शहरांत ऑफिसं असलेल्या कंपनीत डिझाइन करताना हा प्रश्न अजून येतो. मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्ये त्याचं भावंड म्हणजे लोकेशन बेस्ड राउटिंग.

एसबीसीचीही, म्हणजे दोन नेटवर्कांच्या सीमेवर कॉल सांभाळणाऱ्या यंत्राचीही, इथे फक्त तोंडओळख होते. टीम्सच्या डायरेक्ट राउटिंगला (टीम्सला ऑपरेटरची लाइन जोडण्याला) मायक्रोसॉफ्टने प्रमाणित केलेला एसबीसी, टीएलएस आणि एसआरटीपी हे एन्क्रिप्शन लागतं, सार्वजनिक प्रमाणपत्र लागतं. फायरवॉल, प्रमाणपत्र, नॅट, राउटिंग यांची सवय असलेल्या नेटवर्क इंजिनिअरला मागणी आहे ती इथे. फक्त फोन जोडून देणाऱ्याची जागा कमी होत चालली आहे. टेबलावरच्या फोनचा धंदा करणाऱ्यांची अवस्था उघड आहे: अव्हाया २०१७ आणि २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, मायटेल २०२५ मध्ये. त्यामुळे एकाच कंपनीच्या मेनूवर आयुष्य बांधू नका. सिप मात्र आरएफसी ३२६१ पासून, म्हणजे जून २००२ पासून, टिकून आहे, आणि आपल्या मोबाईलवरचा व्हीओएलटीई कॉलही त्याच्यावरच चालतो. टेलिकॉमकडे ओढा असेल तर फ्रीपीबीएक्सनंतर कामायलिओ या सिप सर्व्हरकडे जा. ऑफिसांच्या कामाकडे असेल तर एसबीसी आणि मायक्रोसॉफ्टची एमएस-७२१ परीक्षा.

तीन महिने, आठवड्याला सहा तास. एवढ्यात एकतर्फी आवाजाचं कॅप्चर समोर आलं की दहा मिनिटांत कारण सापडत असेल आणि ते शोधताना चहा गार झाल्याचं लक्षात येत नसेल, तर सिस्कोचा कोर पेपर घ्या, शक्यतो कंपनीच्या खर्चाने. सापडतंय पण कंटाळा येतोय, तर ७०० डॉलर वाचले, सिक्युरिटीकडे वळा. तिथेही ही लॅब वाया जात नाही, कारण फायरवॉलमधून आवाज का जात नाही हा प्रश्न शेवटी फायरवॉलवाल्याकडेच येतो.